न्यायसहायक डीएनए विश्लेषण

न्यायसहायक डीएनए विश्लेषण म्हणजे डीएनएमधील व्यक्तिपरत्वे बदलणाऱ्या भागांची तपासणी करून एखादा जैविक नमुना कोणत्या व्यक्तीचा असू शकतो, हे ठरविण्याची वैज्ञानिक पद्धत होय. गुन्ह्यांचा तपास, दुर्घटनांतील मृतांची ओळख, बेवारस मृतदेहांचा व हरवलेल्या व्यक्तींचा शोध आणि पितृत्व किंवा मातृत्वाचे वाद या कामांसाठी ती वापरली जाते. रक्त, लाळ, वीर्य, मुळासह केस, त्वचेच्या पेशी, स्नायू, हाडे व दात यांपैकी कोणत्याही नमुन्यातून डीएनए मिळू शकतो.

डीएनए चाचणीतून मिळणारा आराखडा हा काही अंकांचा संच असतो. त्यावर व्यक्तीचे नाव नसते. ज्ञात व्यक्तीच्या किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकांच्या नमुन्याशी तुलना केल्यावरच त्यातून ओळख पटते. त्यामुळे निष्कर्षाची विश्वासार्हता तुलनेसाठी उपलब्ध असलेले नमुने, जुळणीचे सांख्यिकीय मूल्य आणि घटनास्थळापासून प्रयोगशाळेपर्यंत नमुन्याची झालेली हाताळणी या तीन गोष्टींवर अवलंबून असते. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने राज्य शासनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमार्फत चालते.

## जनुकीय चिन्हके

मानवी जीनोममध्ये डीएनएच्या सुमारे ३ अब्ज आधारक जोड्या असतात. कोणत्याही दोन माणसांमध्ये त्यांचा सुमारे ९९.९ टक्के क्रम सारखाच असतो. उरलेल्या अल्प भागात व्यक्तिपरत्वे फरक आढळतो. ज्या ठिकाणचा फरक निश्चितपणे मोजता येतो व जो आईवडिलांकडून अपत्याकडे ठरावीक नियमांनी जातो, त्या ठिकाणाला जनुकीय चिन्हक म्हणतात.

### एसटीआर

आज सर्वाधिक वापरली जाणारी चिन्हके लघु पुनरावृत्तींची असून ती एसटीआर या संक्षेपाने ओळखली जातात. या ठिकाणी २ ते ६ अक्षरांचा एक छोटा क्रम पुन्हापुन्हा येतो. तो किती वेळा आला आहे, ही संख्या व्यक्तिपरत्वे बदलते. अशा प्रत्येक प्रकाराला अलील म्हणतात. प्रत्येक व्यक्तीकडे एका स्थानी दोन अलील असतात, एक आईकडून आलेला आणि दुसरा वडिलांकडून आलेला.

उदाहरणार्थ, ११ व्या गुणसूत्रावरील टीएच०१ या स्थानी चार अक्षरांचा क्रम पुनरावृत्त होतो. वडिलांचे अलील ६ व ९.३ आणि आईचे ७ व ८ असतील, तर अपत्याकडे ६ किंवा ९.३ यांपैकी एक आणि ७ किंवा ८ यांपैकी एक अलील येईल. अपत्याचा आराखडा ७ व ९.३ असल्यास तो या आईवडिलांशी सुसंगत ठरतो. एका स्थानावरून ओळख पटत नाही, कारण तेच अलील असलेली असंख्य माणसे असतात. म्हणून एकाच वेळी अनेक स्थाने तपासतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए पेढीसाठी आरंभी १३ स्थाने निश्चित करण्यात आली होती. १ जानेवारी २०१७ पासून ती २० झाली. सध्याच्या अनेक व्यावसायिक संचांत २० पेक्षा अधिक स्थाने एकत्र तपासली जातात. त्यांसोबत लिंगनिश्चितीसाठी अमेलोजेनिन हे चिन्हकही पाहिले जाते.

ओळखीसाठी निवडलेली ही स्थाने सामान्यतः प्रथिने तयार करणाऱ्या भागांबाहेरची असतात. त्यामुळे नेहमीच्या एसटीआर आराखड्यावरून व्यक्तीचे रूप, स्वभाव किंवा बुद्धिमत्ता कळत नाही.

### वाय गुणसूत्रावरील चिन्हके

वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात स्त्रीच्या पेशींच्या मोठ्या मिश्रणातून पुरुषाच्या अल्प डीएनएचा मागोवा घेण्यासाठी ही चिन्हके उपयुक्त ठरतात. मात्र वडील, मुलगा, सख्खे भाऊ, काका व चुलतभाऊ यांचा वाय आराखडा सहसा सारखाच असल्याने त्यावरून एक विशिष्ट पुरुष ठरविता येत नाही.

### तंतुकणिकीय डीएनए

पेशीतील तंतुकणिकांमध्ये १६,५६९ आधारक जोड्यांचा वर्तुळाकार डीएनए असतो. तो आईकडून सर्व अपत्यांकडे जातो. एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असल्यामुळे जुनी हाडे, दात किंवा मूळ नसलेले केस यांतूनही तो मिळू शकतो. एकाच मातृवंशातील सर्वांचा क्रम बहुधा सारखा असल्याने त्याची व्यक्तिनिश्चितीची क्षमता मर्यादित आहे.

### एकाक्षरी भेद

डीएनएमधील एकाच अक्षराचा फरक मोजणाऱ्या चिन्हकांना एसएनपी म्हणतात. त्यांच्यासाठी डीएनएचे अगदी लहान तुकडेही पुरतात. त्यामुळे जळालेल्या किंवा कुजलेल्या अवशेषांच्या बाबतीत त्यांचा उपयोग होतो.

## प्रयोगशाळेतील पद्धत

### नमुना घेणे

रक्ताचा किंवा वीर्याचा डाग असलेले कापड सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, बुरशी व जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे होतात. कोकणातील पावसाळी, दमट हवेत ही काळजी विशेष आवश्यक ठरते. जिवंत व्यक्तीचे रक्त गोठणरोधक असलेल्या नळीत, विशेष शोषक कागदावर किंवा गालाच्या आतील बाजूच्या पेशी बोळ्यावर घेतात. कुजलेल्या मृतदेहातून मांडीचे हाड किंवा दात घेणे श्रेयस्कर मानले जाते, कारण त्यांच्या कठीण भागात डीएनए अधिक काळ टिकतो. ऊती फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यास डीएनएची हानी होते, म्हणून या चाचणीसाठी तसे करू नये असा संकेत आहे.

### विश्लेषण

प्रथम पेशी फोडून डीएनए वेगळा काढतात. हाडाच्या बाबतीत ते स्वच्छ करून त्याची भुकटी करावी लागते व त्यातील कॅल्शियम दूर करावे लागते. लैंगिक अत्याचाराच्या नमुन्यांत शुक्राणूंचे आवरण अधिक चिवट असल्याचा फायदा घेऊन स्त्रीच्या पेशी आधी व शुक्राणू नंतर फोडले जातात.

त्यानंतर डीएनएचे प्रमाण मोजून पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, म्हणजेच पीसीआर, करतात. तिच्या प्रत्येक आवर्तनात निवडलेल्या भागांच्या प्रती दुप्पट होतात. ३० आवर्तनांनंतर सैद्धांतिकदृष्ट्या एका प्रतीच्या सुमारे १०० कोटी प्रती होतात. त्यामुळे एक नॅनोग्रॅमहून कमी डीएनएवरही चाचणी करता येते. तयार झालेल्या तुकड्यांना चकाकणारे रंग जोडलेले असतात. केशनलिकेतून विद्युतदाबाखाली ते लांबीनुसार वेगळे होतात आणि आलेखावर शिखरांच्या रूपाने दिसतात. शिखरांच्या स्थानांवरून पुनरावृत्तींची संख्या वाचली जाते.

प्रत्येक वेळी डीएनए नसलेला एक आणि आराखडा माहीत असलेला एक, असे दोन नियंत्रण नमुने सोबत चालवितात. पहिल्यात शिखरे दिसल्यास दूषितीकरण झाले असे समजते. दुसऱ्यात अपेक्षित आराखडा न आल्यास चाचणीच सदोष ठरते.

## जुळणीचा अर्थ

दोन आराखड्यांतील एका स्थानावरही स्पष्टीकरण न देता येणारा फरक असेल, तर ते नमुने एकाच व्यक्तीचे नाहीत असा निष्कर्ष निघतो. आराखडे जुळले तर मात्र असा आराखडा लोकसमूहात योगायोगाने किती वेळा आढळेल, हे सांगावे लागते. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या स्थानांच्या वारंवारतांचा गुणाकार करून ही संभाव्यता काढतात. तीन स्थानांवरील आराखड्यांची वारंवारता अनुक्रमे १० मध्ये १, २० मध्ये १ आणि १५ मध्ये १ अशी मानली, तर तिन्ही एकत्र आढळण्याची संभाव्यता ३,००० मध्ये १ होते. वीस किंवा अधिक स्थाने पूर्णपणे जुळल्यास ही संभाव्यता अब्जांशाहूनही कितीतरी कमी होते.

अपूर्ण आराखड्यात हे मूल्य बरेच घसरते. एखादा आराखडा १० लाखांत एकाशी जुळणारा असेल, तर २ कोटी लोकसंख्येच्या महानगरात तो सुमारे २० जणांशी जुळू शकेल. त्यामुळे "आरोपी निर्दोष असण्याची शक्यता १० लाखांत १ आहे" असे विधान चुकीचे ठरते. योगायोगाने जुळण्याची शक्यता आणि निर्दोष असण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत न्यायालयीन सांख्यिकीतील एक प्रसिद्ध तर्कदोष मानली जाते.

नातेसंबंधाच्या चाचणीत दोन गृहीतकांची तुलना करतात. मृत व्यक्ती या आईवडिलांचे अपत्य असेल तर असा आराखडा मिळण्याची शक्यता किती आणि ती त्यांच्याशी असंबंधित असेल तर किती, यांचे गुणोत्तर अहवालात दिले जाते. परंपरेने समूहांतर्गत विवाह करणाऱ्या लोकसमूहांत काही अलील अधिक प्रमाणात आढळतात. म्हणून गणना करताना योग्य लोकसमूहाची आकडेवारी घेणे व आवश्यक ते समायोजन करणे गरजेचे असते.

## इतिहास

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये डीएनए ठशांची कल्पना सुचली. १९८५ मध्ये तिचा पहिला उपयोग देशांतराच्या एका प्रकरणात नाते सिद्ध करण्यासाठी झाला. त्यानंतर लेस्टरशायरमधील १९८३ व १९८६ च्या दोन मुलींच्या खुनांच्या तपासात ही पद्धत वापरण्यात आली. एका तरुणाने त्यांपैकी एका खुनाची कबुली दिली होती. चाचणीने तो निर्दोष ठरला. पुढे खरा गुन्हेगार सापडून १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. गुन्हेगारी तपासातील या चाचणीचा पहिला परिणाम अशा प्रकारे एका निरपराध माणसाच्या सुटकेत झाला. कॅरी मुलिस यांनी विकसित केलेल्या पीसीआर तंत्रामुळे पुढे अत्यल्प व जीर्ण नमुन्यांवरही चाचणी शक्य झाली. या शोधासाठी त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात हैदराबादच्या कोशिकीय एवं आणविक जीवविज्ञान केंद्रातील लालजी सिंह यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वदेशी डीएनए ठसे तंत्र विकसित केले. पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएच्या अभ्यासातून मिळालेला शोधक त्यासाठी वापरण्यात आला. १९८९ मध्ये केरळमधील तलश्शेरी येथील पितृत्वाच्या खटल्यात भारतीय न्यायालयाने प्रथमच डीएनए पुरावा स्वीकारला. पुढे हैदराबाद येथे डीएनए ठसे व निदान केंद्र ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

## महाराष्ट्रातील व्यवस्था

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईतील सांताक्रूझ पूर्व येथे कालिना भागात आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड व कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. पोलीस ठाण्यातील तपास अधिकारी पंचनाम्याखाली जप्त केलेला मुद्देमाल आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी घेतलेले नमुने मोहोरबंद करून पत्रासह प्रयोगशाळेकडे पाठवितात. प्रयोगशाळा मोहोर अभंग असल्याची नोंद करून नमुना स्वीकारते व विश्लेषणानंतर अहवाल देते.

## दुर्घटनांतील मृतांची ओळख

मोठ्या दुर्घटनेत ओळखीची प्राथमिक साधने म्हणून इंटरपोल बोटांचे ठसे, दात व डीएनए यांना मान्यता देते. कपडे, दागिने, गोंदण व चेहरा ही दुय्यम साधने होत. पाण्यात राहिलेल्या किंवा जळालेल्या मृतदेहाचा चेहरा ओळखताना शोकाकुल नातेवाइकांची चूक होऊ शकते. एका कुटुंबाला चुकीचा मृतदेह दिला गेल्यास दुसरे कुटुंबही आपल्या माणसाला मुकते.

### तौक्ते चक्रीवादळ, २०२१

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात अरबी समुद्रातील हीरा तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा निवासी तराफा नांगर तुटून भरकटला व बुडाला. त्यावर २६१ जण होते. 'वरप्रदा' या टगबोटीवर आणखी १३ जण होते. भारतीय नौदल व तटरक्षक दलाच्या मोहिमेत दोन्ही मिळून १८८ जण वाचले, तर ८६ जणांना प्राण गमवावे लागले. काही मृतदेह रायगडच्या आणि गुजरातमधील वलसाडच्या किनाऱ्यापर्यंत वाहत गेले. अनेक मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले असल्याने नातेवाइकांचे रक्तनमुने घेऊन डीएनए तुलना करावी लागली. याच वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' हा दुसरा तराफा भरकटत पालघर जिल्ह्यातील माहीमजवळच्या वडराईच्या किनाऱ्यालगत आला. त्यावरील १३७ जणांची सुखरूप सुटका झाली.

### समृद्धी महामार्ग, २०२३

१ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस उलटून पेटली. त्यात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. मृतदेह ओळखण्याजोगे राहिले नव्हते आणि डीएनए चाचणीद्वारे प्रत्येकाची स्वतंत्र ओळख पटविण्यास अनेक दिवस लागणार होते. नातेवाइकांच्या संमतीने दुसऱ्या दिवशी बुलढाणा येथे २४ मृतदेहांवर सामूहिक अंत्यसंस्कार करण्यात आले. उन्हाळी किंवा पावसाळी हवामान, शीतगृहांची उपलब्धता व चाचणीचा कालावधी यांचा मेळ न बसल्यास कुटुंबांपुढे कोणता पर्याय उरतो, हे या घटनेतून दिसून आले.

### औद्योगिक अपघात

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली औद्योगिक क्षेत्रातील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटानंतर मृतदेहांचे अवशेष ओळखण्यासाठी नातेवाइकांचे नमुने घेऊन डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातही स्फोट व आगीच्या घटना घडल्या आहेत. जानेवारी २०२० मधील अशाच एका स्फोटात आठ जणांचा मृत्यू झाला होता.

अशा क्षेत्रांत परराज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने असतात. त्यांचे आईवडील, पत्नी व मुले दूरच्या गावी असतात. नातेवाइकाला तातडीने घटनास्थळी येणे शक्य नसल्यास त्याच्या गावाजवळील शासकीय रुग्णालयात नमुना घेऊन तो मोहोरबंद अवस्थेत पाठविता येतो. त्यासाठी कारखान्यात त्या दिवशी नेमके कोण कामावर होते, याची अचूक नोंद असणे आवश्यक असते. ठेकेदाराकडील कामगाराचे नाव नोंदवहीतच नसेल, तर कोणत्या कुटुंबाचा नमुना मागवायचा हेच कळत नाही आणि अवशेषांचा उत्तम आराखडा मिळूनही ओळख रखडते.

### तुलनेसाठी नमुन्यांची निवड

मृताच्या स्वतःच्या वस्तू, जसे दात घासण्याचा ब्रश, दाढीचे पाते किंवा कंगव्यातील मुळासह केस, यांवरून थेट तुलना होते. त्या वस्तू दुसऱ्या कोणी वापरल्या नसल्याची खात्री करावी लागते. वस्तू उपलब्ध नसल्यास आई व वडील दोघांचे नमुने सर्वाधिक उपयुक्त ठरतात. ते हयात नसतील, तर मृताची मुले व त्यांची आई यांचे नमुने घेतात. मुलांच्या आराखड्यातून आईकडून आलेला भाग वजा केला, की मृताकडून आलेला भाग समजतो. केवळ एका भावाचा किंवा बहिणीचा नमुना असल्यास निष्कर्ष बराच कमकुवत होऊ शकतो.

एकाच कुटुंबातील अनेक जण बळी पडल्यास विशेष अडचण येते. सातपाटी, माहीम, केळवे अशा किनारी गावांत एका मच्छीमार नौकेवर सख्खे भाऊ एकत्र जाणे असामान्य नाही. दोघेही बुडाले व दोन मृतदेह सापडले, तर आईवडिलांच्या नमुन्यांवरून ते दोघे त्यांचे मुलगे असल्याचे कळते. त्यांतील थोरला कोणता व धाकटा कोणता, हे मात्र त्यातून कळत नाही. अशा वेळी प्रत्येकाची पत्नी व मुले यांचे नमुने, वैयक्तिक वस्तू, दातांची रचना, जुने अस्थिभंग किंवा गोंदण यांचा आधार घ्यावा लागतो.

नमुन्यांचे संकलन वेळेवर झाल्यास मोठ्या दुर्घटनेतही ओळख लवकर पटू शकते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विमान दुर्घटनेत २६० जण मरण पावले. त्यांपैकी २५४ जणांची ओळख डीएनएवरून आणि ६ जणांची चेहऱ्यावरून पटली. हे काम त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत पूर्ण झाले. मृतांमध्ये मुंबई परिसरातील विमान कर्मचाऱ्यांचाही समावेश होता.

## गुन्हेगारी खटले

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात हल्लेखोर 'कुबेर' या मासेमारी नौकेतून आल्याचे दर्शविणाऱ्या पुराव्यांत डीएनए अहवालांचाही समावेश होता. नौकेवर सापडलेल्या वस्तूंवरील घामाच्या डागांतून मिळालेला डीएनए काही हल्लेखोरांच्या नमुन्यांशी जुळला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये या खटल्याचा अंतिम निकाल दिला.

याउलट ठाणे जिल्ह्यात जून २०१० मध्ये घडलेल्या सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणात डीएनए पुरावा टिकू शकला नाही. सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये आरोपीस फाशीची शिक्षा सुनावली व मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. नमुने प्रयोगशाळेकडे पाठविण्यात झालेल्या विलंबाचे स्पष्टीकरण नव्हते, दरम्यान ते कोणाच्या ताब्यात व कसे होते याची अखंड साखळी सिद्ध झाली नाही आणि आरोपीच्या वैद्यकीय तपासणीविषयीच्या कायदेशीर तरतुदीचे पालन झाले नव्हते. डीएनए अहवाल हा तज्ज्ञाच्या मताचा पुरावा असून त्याचे मूल्य प्रत्येक प्रकरणातील परिस्थितीनुसार ठरते, असे न्यायालयाने नमूद केले. या निकालापूर्वी संबंधित व्यक्तीने अनेक वर्षे कारावासात काढली होती आणि मृत बालिकेच्या बाबतीतील गुन्हा कोणावरही सिद्ध झाला नाही.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी मार्गदर्शक निर्देश दिले. त्यांनुसार नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोहोचविणे आणि त्याच्या ताब्याची नोंदवही खटल्याचा निकाल लागेपर्यंत ठेवणे आवश्यक आहे. विलंब झाल्यास त्याची कारणे नोंदवावी लागतात.

## पितृत्वाचे वाद

वैध विवाहसंबंध चालू असताना जन्मलेले अपत्य पतीचेच मानावे, असे गृहीतक भारतीय कायद्यात पूर्वीपासून आहे. पतीपत्नींना परस्परांचा सहवास शक्यच नव्हता, हे सिद्ध झाल्याखेरीज ते खोडता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या पोटगीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, चाचणी झालेली असून तिचा निष्कर्ष वादातीत असेल तर कायदेशीर गृहीतकापेक्षा वैज्ञानिक पुराव्याला प्राधान्य द्यावे, असे मत दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून गेलेल्या प्रकरणात मात्र, पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी अपत्याची डीएनए चाचणी सरसकट करता येणार नाही, असा निर्णय झाला. त्यात अपत्याचे हित व त्याचा खासगीपणाचा हक्क यांवर भर देण्यात आला.

## कायदेशीर तरतुदी

* स्वतःविरुद्ध साक्ष: मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये, बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्णय दिला. शारीरिक नमुन्यांबाबत हेच तत्त्व पुढे लागू करण्यात आले.
* वैद्यकीय तपासणी: २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोपी व पीडितेच्या वैद्यकीय तपासणीत डीएनए नमुन्याचा स्पष्ट उल्लेख आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१, ५२ व १८४ मध्ये या तरतुदी आहेत.
* घटनास्थळाची पाहणी: त्याच संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी भेट देण्याची तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करता येते.
* तज्ज्ञाचे मत व अपत्याचे औरसत्व: भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञाचे मत व कलम ११६ मध्ये अपत्याच्या औरसत्वाचे गृहीतक आहे.
* नोंदींचे जतन: फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ नुसार जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण यांचा 'मापे' या व्याख्येत समावेश असून नोंदी ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद आहे.

राष्ट्रीय व प्रादेशिक डीएनए पेढ्यांची तरतूद असलेले डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले व संसदीय स्थायी समितीकडे गेले. समितीच्या अहवालानंतर जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. खासगीपणा, नमुन्यांचा गैरवापर व नोंदी पुसून टाकण्याचे नियम हे त्यावरील चर्चेतील प्रमुख मुद्दे होते. बेवारस मृतदेहांच्या बाबतीत अशा पेढीचा अभाव जाणवतो. मृतदेहाचा आराखडा एका राज्यात व हरवल्याची तक्रार दुसऱ्या राज्यात असल्यास त्यांची आपोआप तुलना होत नाही.

## मर्यादा

* एकसारखी जुळी: एकाच फलित बीजांडापासून झालेल्या जुळ्यांचा एसटीआर आराखडा सारखाच असतो.
* मिश्र नमुने: एका डागात तीन किंवा अधिक व्यक्तींचा डीएनए असल्यास कोणता अलील कोणाचा, हे ठरविणे अवघड होते.
* स्पर्शातून येणारा डीएनए: हस्तांदोलन किंवा वस्तूच्या देवाणघेवाणीतून एका व्यक्तीचा डीएनए ती कधीही न गेलेल्या ठिकाणी पोहोचू शकतो. नमुना तेथे केव्हा व कशामुळे आला, हे आराखडा सांगत नाही.
* दूषितीकरण: युरोपात २००९ पर्यंत अनेक गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत होता. तो नमुने घेण्याच्या बोळ्यांच्या निर्मितीशी संबंधित एका कर्मचारी स्त्रीचा असल्याचे अखेर उघड झाले.
* जीर्ण डीएनए: उष्णता, आर्द्रता, आम्लधर्मी माती व सूक्ष्मजीव यांमुळे डीएनएचे तुकडे होतात व आराखडा अपूर्ण मिळतो.
* वैद्यकीय उपचार: अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीच्या रक्तात दात्याचा आराखडा आढळू शकतो.

या मर्यादांमुळे डीएनए अहवालाचा विचार इतर पुराव्यांसह केला जातो. नमुना कोणी, कोठे, कोणासमक्ष व कोणत्या पद्धतीने घेतला, तो कोणाच्या ताब्यात राहिला आणि अहवालातील सांख्यिकीय मूल्य काय आहे, या बाबी अहवालाबरोबर तपासणे न्यायालये आवश्यक मानतात.